तुपातला जन्म

"मेलेल्याला परत यायला दार आहे, मंदाकिनी. समुद्र ओलांडलेल्याला नाही."

थोरल्या भावोजींचा हा आवाज मंदाकिनीच्या कानात किती वर्षं वस्तीला होता. पहाटे जात्याचा खुंटा धरला की तो उठायचा, ताक घुसळताना रवीच्या दोरीबरोबर मागंपुढं व्हायचा. आवाज गोड होता. हरिहरशास्त्र्यांसारखी पोथी ठाण्यात कोणी वाचत नसे; ते ओटीवर वाचायला बसले की तळ्याकाठच्या आळीतल्या बायका दळण थांबवून ऐकायच्या. तोच आवाज त्या दुपारी स्वयंपाकघराच्या दाराशी आला होता. पाठमोरा. धाकट्या भावाच्या बायकोच्या तोंडाकडं बघून बोलायची त्या घरात रीत नव्हती, तेव्हा शास्त्रीबुवा समोरच्या भिंतीशी बोलत होते आणि मंदाकिनी चुलीशी बसून ऐकत होती.

तिचा नवरा परशुराम बंदरावर कारकून होता. थोडं इंग्रजी शिकलेला, हसरा, जरासा उनाड. मुंबईला जाऊन येतो म्हणून एका सकाळी निघाला तो आलाच नाही. कोणी म्हणालं पटकीनं गेला, कोणी म्हणालं खाडीत बुडाला. मंदाकिनी तेव्हा इतकी कोवळी होती, की नवऱ्याच्या चेहऱ्यापेक्षा त्यानं केलेली थट्टाच तिला जास्त आठवायची. "ही वेणी आहे की विहिरीचा दोर?" असं तो एकदा म्हणाला होता. तेवढ्या वाक्यावर ती वर्षं काढत होती. कपाळावर कुंकू होतं, हातात काकणं होती, वेणी कमरेखाली लोळत होती, आणि तोंडात तिची तिनंच जुळवलेली एक ओवी होती:

खाडीला भरती आली, आली तशीच गेली
वाट ती ओली झाली, डोळियांनी

पण पोथीत मुदत लिहिलेली होती. बारा वर्षं ज्याची वार्ता नाही, तो मेला असं समजावं. पळसाच्या पानांचा त्याचा पुतळा करावा, त्याला अग्नी द्यावा, दहावं-तेरावं घालावं. बारावं वर्ष सरत आलं, तशी आळी आठवण करून द्यायला लागली. पानांच्या पत्रावळी लावणारी बाईसुद्धा विचारून गेली, पळस लागेल ना म्हणून.

त्याच आठवड्यात सिल्वेस्टर आला.

बाळकुमचा हा किरिस्ताव, आगबोटीवर खलाशी. पुढल्या दारानं यायची त्याला सोय नव्हती, तो मागल्या दारी विहिरीपाशी येऊन उभा राहिला. मंदाकिनी भांडी घाशीत होती.

"बाय, परशुरामपंताची बायकू तूच ना गो?"

तिनं पदर ओढून मान हलवली.

"जिता हाय तो. झांजीबारला. मीनी या डोल्यांनी पायला. शेठच्या पेढीवर लिवतो. सांगलंन, घरा सांग, येतंय म्हनून. चार पैशे जमले का येतंय."

मंदाकिनीच्या हातातली राख तशीच राहिली. पुष्कळ विचारण्यासारखं होतं. तिनं विचारलं, "जेवतात का वेळेवर?"

सिल्वेस्टर हसला. "जेवतो का म्हंजे? आमच्या ताटान बसून बोंबील खाल्लान. जाडा झालाय."

"हे कुणाला सांगू नका."

"मी कनाला सांगतंय? आमचा पाद्रीबी पोथी वाचतो, बाय. त्याच्यानबी हायच, हे खाऊ नको, ते करू नको. आमी मुंडी हालवतो नि दर्यावर जातो."

तो गेला. मंदाकिनी उठून वळली तर मागल्या पडवीत थोरले भावोजी चटईवर उठून बसलेले. दुपारचे ते तिथंच पडायचे. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

म्हणून ते दाराशी आले होते, हातात पोथी घेऊन.

"त्या खलाशाला आणखी कोणी पाहिलं?"

"नाही."

"बरं झालं. आता नीट ऐक. परशुराम समुद्रापार गेला. कलियुगात तशा ब्राह्मणाला प्रायश्चित्त दिलं तरी पंगतीला घेता येत नाही. हे मी म्हणत नाही, लिहिलेलं आहे. म्हणजे तो उद्या आला तरी ओटीच्या खाली. त्याच्याबरोबर तू. तुमच्याबरोबर आम्ही. आपली दुर्गी यंदा उजवायची आहे. तिच्या चुलत्यानं म्लेंच्छाच्या ताटात खाल्लं हे कळल्यावर कोण करून घेईल तिला?"

मंदाकिनीनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"पण मेलेल्याला परत यायला दार आहे. पुतळा होऊ दे. बारा वर्षं वार्ता नव्हती असंच म्हणायचं. उद्या तो आला की सांगू, काशीच्या वाटेवर भ्रम झाला होता, नावगाव विसरला होता. मग त्याला कोणी विचारणार नाही, कुठं होतास, काय खाल्लंस. मेला माणूस कुठं खातो?"

"जिवंत माणसाला जाळायचं?"

"माणसाला नाही. पानांना."

"आणि मी?"

हरिहरशास्त्र्यांनी पोथीचं पान काढलं. संस्कृत वाचलं, इतकं गोड की चुलीतला धूरही क्षणभर थांबल्यासारखा झाला. मग अर्थ सांगितला. "असा माणूस परत आला, तर त्याला तुपाच्या भांड्यात बसवून बाहेर काढावं. तो त्याचा नवा जन्म. न्हाऊ घालावं, जातकर्म करावं, बारसं, मुंज, सगळे संस्कार पुन्हा करावे. आणि त्याचं त्याच बायकोशी पुन्हा लग्न लावावं. ऐकलंस? त्याच बायकोशी. ऋषींनी तुझी सोय आधीच करून ठेवली आहे."

मंदाकिनीला अक्षर येत नव्हतं. तिला पोथी म्हणजे भावोजींचा आवाज. तिनं वेणी मांडीवर ओढून घेतली आणि म्हणाली, "पण केस?"

"केस काय," शास्त्रीबुवा भिंतीला म्हणाले, "वाढतात."

पुतळा माजघराच्या ओट्यावर बांधला. पळसाची पानं दोऱ्यानं गुंफली, डोक्याच्या जागी नारळ ठेवला, डोळ्यांच्या जागी कवड्या, दातांच्या जागी डाळिंबाचे दाणे. मंदाकिनी दाराआडून बघत होती. त्या डाळिंबाच्या दातांनी तो हसत होता, अगदी वेणीची थट्टा केल्यासारखा.

पुतळा उचलण्याआधी भटजी घराकडं तोंड करून विचारतात, "या घरात याची काही वार्ता आहे का?" बायकांनी सभेत बोलायचं नसतं. वार्ता असेल तर आतल्या बाईनं काकणं वाजवायची, नसेल तर हात स्थिर ठेवायचा. भटजींनी विचारलं. पुन्हा विचारलं. मंदाकिनीनं उजवा हात डाव्या हातानं घट्ट धरला, काकणं एकमेकांना लागू नयेत म्हणून बोटं आत खुपसली. तिसऱ्यांदा विचारून झालं. आवाज आला नाही.

"वार्ता नाही," हरिहरशास्त्री म्हणाले, आणि पानांचा परशुराम खाडीकडं निघाला.

संध्याकाळी तीच काकणं दगडावर ठेवून फोडली. आनंदा न्हावी परसात पाट मांडून बसलाच होता. "डोळे मिटा, वयनी," तो म्हणाला. त्याचं हे नेहमीचं काम. काम झाल्यावर मात्र तो जाऊबाईंना म्हणाला, "काय माल होता. टोपलं पुरलं नाही."

तेराव्याला आळी जेवून गेली. श्रीखंड चांगलं झालं होतं.

पुढल्या महिन्यात कातडीवर काळी लव आली. मंदाकिनी अंधारात तिच्यावरून तळवा फिरवी आणि तिला बरं वाटे. केस वाढत होते. भावोजी म्हणाले होते तसंच होत होतं. पण महिना भरला की आनंदा परसात येऊन बसे.

"जाऊबाई, राहू देत ना थोडे," एकदा ती म्हणाली.

"का? कुणाला दाखवायचेत?" जाऊबाई म्हणाल्या. त्यांना काही ठाऊक नव्हतं. शास्त्रीबुवा ओटीवर होते, त्यांनी ऐकलं असणार. त्यांनी पान उलटलं.

असे चार पावसाळे गेले. दुर्गीचं लग्न झालं, चांगल्या घरी. मंदाकिनी लाल अलवणात, सोवळ्यात, सगळ्या घराचा स्वयंपाक करी. आळीतल्या बायका सकाळी तिचं तोंड दिसू नये म्हणून पाणवठ्यावर थांबून राहत. तिला त्याचं काही वाटत नसे. तिच्याजवळ एक गोष्ट होती, ती कुणाजवळच नव्हती. आपण विधवा नाही, हे तिला ठाऊक होतं.

आणि परशुराम आला.

माजिवड्याच्या वाडीत त्याला उतरवून हरिहरशास्त्री एकटेच घरी आले आणि ओटीवर बसून रडले. खरंच रडले. आळी जमली. काशीची वाट, डोक्याला मार, एका साधूनं सांभाळलं, एका सकाळी आपलं नाव आठवलं. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मग शास्त्रीबुवांनी पोथी उघडली, आणि आळीला कळलं की असल्या माणसाला तुपातून जन्माला घालायचं असतं. असलं काही ठाण्यात कोणी पाहिलं नव्हतं. खडवलीपासून लोणी यायला लागलं.

ते लोणी मंदाकिनीनं कढवलं. सोवळ्यातली तीच होती. दिवसच्या दिवस ती चुलीपुढं बसून बेरी खरवडत होती, तूप गाळत होती, हंडे भरत होती. अंगाला, अलवणाला, भुवयांना तुपाचा वास. ती मनातल्या मनात हसायची. नवऱ्याला स्वतःच्या हातानं जन्म द्यायला कुठल्या बायकोला मिळतं?

अंगणात तांब्याचं मोठं घंगाळ मांडलं. मंदाकिनी कोठीच्या झरोक्यातून बघत होती. सिल्वेस्टर खोटं बोलला नव्हता. परशुराम जाडा झाला होता. काळा, गुबगुबीत, कानांवर पिकलेला. तो गुडघे पोटाशी घेऊन तुपात बसला आणि तूप काठावरून सांडलं.

"बाळ अंमळ दांडगं आहे," कोणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. परशुरामही हसला. हसणं तेच होतं.

भटजींनी त्याला काखेत धरून बाहेर ओढलं. जाऊबाई आई झाल्या होत्या. त्यांनी त्याला दुपट्यात गुंडाळलं. सोन्याच्या अंगठीनं मध चाटवला, कानात नाव सांगितलं. नाव तेच ठेवलं. बायकांनी पाळणा म्हटला आणि त्यात लाडका, तान्हा, गोरटा असे शब्द आले की एकमेकींना चिमटे काढले.

घंगाळ घासायचं काम मंदाकिनीकडं आलं. काठाला त्याच्या अंगाचे केस चिकटले होते. चिंच आणि राख घेऊन ती घाशीत राहिली. मध्येच तिनं डोक्यावरचा पदर मागं सारला आणि तुपाचा हात माथ्यावरून फिरवला. आनंदाला येऊन पंधरवडाच झाला होता. आता त्याला सांगायचं, येऊ नको.

मुंजीची तिथी ठरली. त्यानंतर लग्न. लग्नाचं कोणी तिच्याशी बोलत नव्हतं, पण बोलायचं काय होतं त्यात?

मग कल्याणहून अण्णा आले. कोर्टात वकिली करणारे, खिशात साखळीचं घड्याळ. आपल्या पूर्वजांना वाफेचं यंत्रही माहीत होतं अशी व्याख्यानं द्यायचे. या तुपाच्या विधीची हकीकत ऐकून ते भारावून गेले होते. बरोबर त्यांची पुतणी होती, चिमी, नऊ वर्षांची, आईबाप नसलेली. ओटीवर पुरुषांचं बोलणं चाललं तशी चिमीला आत पाठवून दिली.

ती मंदाकिनीच्या शेजारी येऊन बसली. हातात नवीन हिरवी काकणं होती, ती सारखी वाजवून बघत होती.

"तुमचे केस कुठं गेले?"

"दिले."

"कुणाला?"

"दिले एकाला. परत मिळणार आहेत."

चिमीनं विचार केला. "माझे मी नाही देणार," ती म्हणाली. मग म्हणाली, "मला इथं राहायचंय म्हणे. मला नाही आवडलं. तो माणूस फार मोठा आहे."

मंदाकिनीचा हात पिठात थांबला. तिनं विचारलं, "कुठला माणूस?"

दुसऱ्या दिवशी परशुराम विहिरीवर पाय धुवायला आला. मुंज व्हायची होती, म्हणजे तो अजून पोर होता आणि घरात कुठंही फिरायला मोकळा होता. परसाच्या भिंतीआडून मंदाकिनी म्हणाली, "मी बोलतेय."

तो दचकला. इकडंतिकडं बघून भिंतीजवळ आला.

"सिल्वेस्टरचा निरोप पोचला होता," ती म्हणाली.

"दादानं सांगितलं मला." तो जरा थांबला. "मग का कापलेस? ठाऊक होतं ना मी आहे."

"तुम्हाला परत येता यावं म्हणून."

पाण्याचा तांब्या एका हातातून दुसऱ्या हातात गेला. "हां. दादा म्हणाला तसं. तू शहाणी आहेस असंही म्हणाला."

"आता ते त्या पोरीचं काय चाललंय?"

"माझ्या हातात काय आहे, मंदा? मी तर आत्ता जन्मलोय." तो थट्टा करत होता, आपली थट्टा आवडेल असं त्याला वाटलं होतं. मग त्यानं आवाज खाली आणला. "शास्त्र म्हणेल तसं करायचं. आणि तुला कोणी घराबाहेर काढत नाहीये. उलट बरंच आहे, ती पोर लहान आहे, तिला सांभाळायला घरात कोणीतरी हवंच. फक्त ते झांजीबारचं कुठं बोलू नको. तुझं गप्प राहणं फार चांगलं आहे."

तो पाय धुऊन गेला. त्याच्या ओल्या पावलांचे ठसे उन्हात वाळेपर्यंत ती बघत राहिली.

तिसऱ्या प्रहरी ती पहिल्यांदाच उठून ओटीच्या दाराशी गेली. हरिहरशास्त्री एकटे होते. त्यांनी पाठ फिरवली.

"भावोजी, ती ओळ वाचा."

"कुठली?"

"त्याच बायकोशी, ती."

त्यांनी पान शोधलं. त्यांना ते लगेच सापडलं. त्यांनी वाचलं, तोच आवाज, तीच ओळ, तितकीच गोड. मंदाकिनीला ती पाठ होती. मग त्यांनी अर्थ सांगितला.

"आता, बायको म्हणजे कोण, हे पाहावं लागतं. जिनं कुंकू राखलं ती. जी विधवाधर्मात गेली, तिचं मागं फिरणं कुठं सांगितलेलं नाही. त्याच्या पुनर्जन्माचा विधी आहे. तुझ्या नाही."

"मला तुम्ही घातलंत त्यात."

"मी नाही. मुदतीनं."

"तेव्हा तुम्ही म्हणाला होतात ऋषींनी माझी सोय केली आहे."

"पोथीत तुझ्याबद्दल काहीच नाही, मंदाकिनी," शास्त्रीबुवा म्हणाले, आणि त्यांच्या बोलण्यात खरोखरीची कणव होती. "मी फार शोधलं. नाहीच. आणि आता काळ बदललाय. अण्णांसारखी शिकलेली माणसं आपल्या शास्त्राकडं वळताहेत. सोवळ्या बाईला बोहल्यावर उभी केली तर सुधारक टाळ्या वाजवतील आणि ही माणसं तोंड फिरवतील. अण्णांच्या शब्दानं कल्याणच्या पाठशाळेत मला गादी मिळते आहे. काळ पाहून अर्थ लावावा लागतो."

ती तिथंच उभी राहिली. शास्त्रीबुवांनी पोथी रुमालात बांधली, गाठ मारली. जाता जाता, भिंतीकडं बघत, ते म्हणाले, "आनंदा आला का म्हणून विचारत होत्या तुझ्या जाऊबाई. चार लोक यायचेत घरी. बरं दिसत नाही."

आनंदा आला. त्यानं वस्तरा चामड्यावर घासला. "या वेळी लवकर बोलावलंन," तो म्हणाला. मंदाकिनीनं या खेपेला डोळे मिटले नाहीत. जात्यावर बसायची तिची वेळ नव्हती, तरी ती मग जात्यावर जाऊन बसली. दाणे न घालताच ती दगड फिरवत राहिली, आणि चिमी तिच्या मांडीला रेलून ऐकत राहिली:

माझी गं काळी वेणी, पाहिली नाही कोणी
ताकातून जसं लोणी, काढून नेली

"पुढं?" चिमीनं विचारलं.

"पुढं अजून जुळलं नाही."

मुंज झाली. लग्नाच्या निश्चयाला सभा बसली. ठाण्याचे सगळे, कल्याणचे आठ-दहा, अण्णा मधोमध. ओटीवर अत्तर, गुलाबपाणी. परशुराम जानव्याशी चाळा करत बसला होता. माजघराच्या दारात पडदा, पडद्याआड बायका, आणि सगळ्यांच्या मागं, कोठीच्या उंबऱ्याशी, मंदाकिनी. चिमीला तिच्याशिवाय कुणाजवळ बसायचं नव्हतं, म्हणून नटवलेली चिमी तिच्या मांडीवर होती.

कल्याणकडून एक म्हातारे भटजी आले होते. दात नव्हते, कान बरे होते. ते म्हणाले, "सगळं यथासांग झालं. पण आमची मुलगी द्यायची, तर एक विचारून घेऊ. पुतळ्याच्या वेळी वार्ता विचारली होती का?"

"विचारली होती," हरिहरशास्त्री म्हणाले. "तीनदा."

"आता पुन्हा विचारू. वार्ता असून पुतळा जाळला असेल, तर तो पानांचा कचरा आणि हे नुसतंच तूप. मग हा माणूस मेलाही नाही आणि जन्मलाही नाही. मग इतकी वर्षं कुठं होता, काय करत होता, ते सगळं काढून बसावं लागेल."

"विचारा की," अण्णा म्हणाले. "शास्त्राला प्रश्नांचं भय नाही."

म्हाताऱ्यांनी पडद्याकडं तोंड केलं. "या घरात याची काही वार्ता होती का?"

सभा थांबली. आत कोणी हललं नाही.

"काकणं वाजली नाहीत," हरिहरशास्त्री म्हणाले. "वार्ता नव्हती."

"तीनदा विचारायचं असतं," म्हातारे म्हणाले. "या घरात याची काही वार्ता होती का?"

"अहो, कोण वाजवणार?" पाठीमागून कोणी पुटपुटलं. "सोवळ्या बाईच्या हातात काकणं कुठली?" दबलेलं हसू पसरलं. परशुरामच्या ओठांवरही ते येऊन गेलं. डाळिंबाच्या दाण्यांसारखे दात दिसले.

मंदाकिनीनं ते झिरझिरीत पडद्यातून पाहिलं. तिनं आपल्या मोकळ्या मनगटांकडं पाहिलं. मग चिमीच्या हातांकडं.

"या घरात याची," म्हाताऱ्यांनी तिसऱ्यांदा सुरुवात केली, "काही वार्ता होती का?"

मंदाकिनीनं चिमीचं मनगट धरलं आणि हलवलं. हिरवी काकणं खळखळ वाजली. एकदा, मग पुन्हा, मग सगळ्या माजघरात ऐकू जाईल अशी. चिमीला गंमत वाटली, ती हसली आणि दुसराही हात वाजवायला लागली.

"पोर आहे," हरिहरशास्त्री घाईनं म्हणाले. "खेळतेय."

"कुणाजवळ बसून खेळतेय?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

जाऊबाईंनी मागं वळून पाहिलं. मंदाकिनीनं चिमीला मांडीवरून उतरवलं, तिचा परकर सारखा केला आणि उठली. ती वाट काढू लागली तशा बायका अंग चोरून बाजूला झाल्या, विटाळ नको म्हणून. त्यानं वाट रुंदच झाली. तिनं पडदा बाजूला केला. ठाण्याच्या ओटीवर, पुरुषांच्या सभेत, लाल अलवणातली बाई कधी उभी राहिली नव्हती.

"मंदाकिनी," हरिहरशास्त्री म्हणाले, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी तिच्या तोंडाकडं पाहिलं. "आत जा."

"मंदा," परशुराम म्हणाला.

तिनं डोक्यावरचा पदर मागं टाकला. आनंदानं नुकतंच केलेलं डोकं होतं, त्याच्यावर समयांचा उजेड पडला. तिचा आवाज मोठा नव्हता, पण ओव्यांनी घडवलेला होता, प्रत्येक अक्षर ओटीच्या टोकापर्यंत गेलं.

"वार्ता होती. पुतळा जाळायच्या आधी आली होती, मागल्या दारी, मी ऐकली आणि पडवीतून भावोजींनी ऐकली. मी काकणं धरून ठेवली, कारण भावोजींनी मला पोथी वाचून दाखवली होती. तुम्ही सगळे त्या दिवशी जेवलात ते जिवंत माणसाचं तेरावं होतं. हे काशीला गेले नव्हते, झांजीबारला होते, समुद्रापार, आणि मी कढवलेल्या तुपात बसून त्यांनी तुम्हा सगळ्यांकडून बारसं करून घेतलं. बाळकुमला जा. सिल्वेस्टर खलाशी म्हणून विचारा. त्याच्या ताटात बसून ह्यांनी काय खाल्लं, ते तो तुम्हाला सांगेल."